उघडी हवा, झाडाची सांवली आणि शेतकऱ्याचें आरोग्य

निसर्गाच्या सान्निध्यांत राहिल्यानें प्रकृति सुधारते व मन प्रसन्न होतें, हें वाक्य अलीकडे वर्तमानपत्रांतून व डॉक्टरांच्या तोंडून वारंवार ऐकूं येतें. आमच्या शेतकरी वाचकांस तें ऐकून हंसूं आल्यास नवल नाहीं. ज्याचा दिवस बांधावर उजाडतो आणि बांधावरच मावळतो, त्यास निसर्गांत जा म्हणून सांगणें म्हणजे कोळ्यास पाण्यांत पाय बुडीव म्हणण्यासारखें आहे. हा उपदेश अक्षरशः खरा असता, तर सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील शेतकरी अत्यंत निरोगी व आनंदी असावयास हवा होता. तसा तो नाहीं, हें गांवच्या दवाखान्यापुढील बाक पाहिले म्हणजे कळतें. मग उपदेश खोटा, कीं तो समजून घेण्यांत कांहीं राहून जातें? या प्रश्नाचा विचार करण्यास आपल्या भागाइतकी सोयीची जागा क्वचितच असेल. कारण मोकळी हवा हेंच औषध समजून तें रोग्यांस देण्याचा उद्योग येथें शंभराहून अधिक वर्षें चालला होता, आणि त्यांतलें काय टिकलें व काय टिकलें नाहीं हें आतां आपणांस सांगतां येतें.

मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं १८२८ सालीं महाबळेश्वरीं वसाहत उभारली, ती आजारी अंमलदारांस थंड हवेंत विश्रांति मिळावी म्हणून. हवा उत्तम, परंतु पाऊस वर्षास सुमारें ६,००० मिलिमीटर. पावसाळ्याचे चार महिने तेथें रोगी ठेवणें अशक्यच. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जॉन चेसन यानें पांचगणी वसविली. हें ठिकाण महाबळेश्वराच्या पूर्वेस जेमतेम वीस किलोमीटरांवर; पण डोंगराच्या आड असल्यामुळें पाऊस तेथल्या सुमारें एक तृतीयांश. उंची समुद्रसपाटीपासून सुमारें १,३०० मीटर. थंडी बेताची, धुरळा थोडा, आणि बारमहा राहण्याजोगी जागा. हाच गुण हेरून डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनीं १९१२ सालीं तेथें बेल-एअर हें क्षयरोग्यांचें आरोग्यभुवन काढलें. खालीं कृष्णेच्या खोऱ्यांत डॉ. विल्यम वानलेस यांनीं १८९४ सालीं मिरजेस मिशनचें इस्पितळ उघडलें होतें. त्यांच्याच नांवाच्या वानलेसवाडींत, सांगली व मिरज यांच्या मध्यें, पुढें क्षयाचें स्वतंत्र इस्पितळ झालें. महात्मा गांधी १९४४ च्या मे महिन्यांत आगाखान पॅलेसच्या बंदिवासांतून सुटले ते प्रकृतीनें अगदीं खालावलेले होते. त्या जुलैंत विश्रांतीसाठीं त्यांनींही पांचगणीच निवडली.

त्या काळच्या आरोग्यभुवनांतील उपचार आज वाचतांना फारच साधा वाटतो. रोग्याची खाट व्हरांड्यांत. खिडक्या रात्रंदिवस उघड्या. अंगांत ताप असेपर्यंत अंथरुणावरून हलावयाचें नाहीं. ताप उतरला म्हणजे डॉक्टर सांगतील तितकेंच चालावयाचें, व तें हळूहळू वाढवावयाचें. दूध, तूप, अंडीं पोटभर. असें महिनोन्‌महिने. रॉबर्ट कॉख यानें क्षयाचा जंतु शोधल्याचें २४ मार्च १८८२ रोजीं जाहीर केलें होतें. पण शत्रु ओळखणें निराळें आणि त्यास मारणें निराळें. त्यास मारणारें स्ट्रेप्टोमायसिन हें औषध सांपडावयास १९४३ साल उजाडलें. मधल्या साठ वर्षांत वैद्यकापाशीं देण्यासारखें होतें तें एवढेंच: हवा, विश्रांति आणि अन्न.

या उपचारानें माणसें बरीं होत असत काय? कांहीं होत. शरीर बळकट झालें म्हणजे तें स्वतःच जंतूंस फुप्फुसांत एका जागीं कोंडून टाकूं शकतें. पण पुष्कळांच्या बाबतींत तें साधत नसे. नेमका गुण कशाचा, हें ठरविणारी परीक्षा झाली ती आपल्याच देशांत. १९५६ सालीं मद्रास येथें गरीब व दाटीच्या वस्तींतील क्षयरोग्यांचे चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें दोन गट करण्यांत आले. एका गटास आरोग्यभुवनांत ठेविलें; तेथें हवा, विश्रांति, चांगलें अन्न आणि नवीं औषधें असें सर्व मिळालें. दुसऱ्या गटास आपापल्या खोलींत राहूं दिलें व औषधें मात्र तींच दिलीं. वर्षानंतर पाहतात तों दोन्ही गटांतील रोग्यांस जवळ जवळ सारखाच गुण आलेला! १९५९ सालीं हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि जगभर आरोग्यभुवनांचा काळ संपत आला.

ही हकीकत आम्ही मुद्दाम विस्तारानें दिली. डोंगरावर राहून, अनवाणी गवतावर चालून किंवा उन्हांत बसून अमका रोग समूळ जातो असें सांगणारे वैदू व व्याख्याते आजही गांवोगांव फिरतात. जंतूनें होणारा रोग औषधानेंच जातो. घरांत कोणासही दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर त्याची थुंकी सरकारी दवाखान्यांत तपासून घ्यावी. क्षय निघाल्यास औषधें फुकट मिळतात. तीं मध्येंच बरें वाटूं लागलें म्हणून सोडूं नयेत. याबाबत पांचगणीची हवा किंवा आपल्या मळ्यांतील हवा औषधाच्या जागीं उभी राहूं शकत नाहीं.

परंतु जुन्या डॉक्टरांची उघडी खिडकी निरुपयोगी ठरली असें मात्र कोणी समजूं नये. क्षयाचे जंतु खोकल्याबरोबर हवेंत उडतात व बंद खोलींत तासन्‌तास तरंगत राहतात. हवा खेळती असली म्हणजे ते विरळ होतात, व सूर्यप्रकाशांत फार काळ तग धरीत नाहींत. आजारी माणूस त्यानें बरा होत नाहीं, पण शेजारचा माणूस आजारी पडण्याचें टळतें. दक्षिण अमेरिकेंतील लिमा शहराच्या इस्पितळांत याचें मोजमाप घेतलें तें २००७ सालीं प्रसिद्ध झालें. दारें-खिडक्या उघड्या ठेविल्या तेव्हां खोलींतील हवा तासांत अठ्ठावीस वेळां बदलली. यंत्रानें हवा खेळविलेल्या खोल्यांत ती बाराच वेळां बदलत होती. आणि सर्वांत सरस ठरल्या त्या १९५० पूर्वीं बांधलेल्या, उंच छताच्या व मोठ्या खिडक्यांच्या जुन्या खोल्या. आतां आपल्या वस्त्यांकडे पाहावें. उसाचा पैसा आल्यावर कौलें गेलीं व सिमेंटचें छत आलें, ही चांगली गोष्ट झाली. पण एका खोलीस एकच खिडकी, तीही डांसांच्या भीतीनें व चोरांच्या धाकानें बंद, आणि आंत आठ माणसें निजलेलीं, असें चित्र पुष्कळ ठिकाणीं दिसतें. घर बांधतांना समोरासमोर दोन खिडक्या ठेवून त्यांस जाळी लाविली, तर खर्च फारसा वाढत नाहीं.

अन्नाविषयीं एकच गोष्ट सांगून पुढें जातों. झारखंडांत क्षयरोग्यांच्या घरांतील माणसांस जादा शिधा दिला, तेव्हां त्या घरांत नवा क्षय होण्याचें प्रमाण सुमारें चाळीस टक्क्यांनीं कमी झालें, असें २०२३ सालीं प्रसिद्ध झालें आहे. म्हणजे आरोग्यभुवनांतला दुधाचा पेला वायां गेला नव्हता.

येथवर शरीराचा विचार झाला. मनाचा विचार अधिक नाजूक आहे, आणि अलीकडील बोलबाला मुख्यतः त्याचाच आहे. अमेरिकेंत रॉजर उल्रिच या संशोधकानें १९८४ सालीं एक लहानशी पाहणी प्रसिद्ध केली. एकाच इस्पितळांत पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांच्या तेवीस जोड्या त्यानें निवडल्या. प्रत्येक जोडींतील एकाच्या खिडकींतून झाडें दिसत, दुसऱ्याच्या खिडकींतून विटांची भिंत. झाडें पाहणारे रोगी सरासरीनें आठ दिवसांच्या आंत घरीं गेले. भिंत पाहणाऱ्यांस पाऊण दिवस अधिक लागला, व त्यांनीं वेदना शमविणारीं तीव्र औषधेंही जास्त मागितलीं. माणसें थोडीं असल्यामुळें यावर फार मोठी इमारत उभारूं नये. तथापि पुढील चाळीस वर्षांत याच दिशेच्या अनेक पाहण्या झाल्या. इंग्लंडांत सुमारें वीस हजार लोकांस विचारून २०१९ सालीं असें प्रसिद्ध झालें कीं, आठवड्यांतून एकूण दोन तास तरी झाडीझुडपांत, नदीकांठीं किंवा मोकळ्या माळावर घालविणारे लोक आपली प्रकृति व मनःस्थिति चांगली असल्याचें अधिक प्रमाणांत सांगतात. ते दोन तास एकदम काढले काय किंवा थोडे थोडे काढले काय, फरक पडला नाहीं. अर्थात् ज्याची प्रकृति मुळांतच चांगली तोच बाहेर अधिक पडत असेल, ही शंका राहतेच. ती त्या संशोधकांनींही बोलून दाखविली आहे.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें या पाहणींतील महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. तेथें मोजलेला वेळ हा विरंगुळ्यासाठीं काढलेला वेळ होता. पोटासाठीं उन्हांत राबण्याचे तास त्यांत नव्हते. शेतकऱ्याच्या हंसण्यास उत्तर आहे तें येथें. उघड्यावर राबणें आणि उघड्यावर विसावणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पहिली कितीही केली तरी दुसरीची भर होत नाहीं.

यास पुरावा हवा असेल तर दूर जावयास नको. दर हंगामांत बीड व आसपासच्या दुष्काळी मुलुखांतून ऊसतोड मजुरांच्या जोड्या, ज्यांस आपण कोयता म्हणतों, आपल्या कारखान्यांकडे येतात. सहा महिने त्यांचें जेवणखाण, निजणें, बाळंतपणसुद्धां उघड्या रानांत. पाचटाच्या खोपींत राहावयाचें, पहांटेच्या थंडींत ऊस तोडावयाचा, रात्रीं मोळ्या भरावयाच्या. निसर्गाशीं त्यांच्याइतकें जवळून कोण राहतें? तरीही त्यांचें आयुष्य कोणासही हेवा वाटावें असें नाहीं, हें त्यांच्याकडून ऊस तोडवून घेणारा प्रत्येक बागायतदार जाणतो. तासगांवाकडील द्राक्षबागांत हंगामभर फवारण्या चालतात. त्या औषधाच्या धुक्यांतून फिरणाऱ्या गड्यास मोकळ्या हवेचे गुण सांगणें ही क्रूर थट्टाच होईल. हवा मोकळी असून भागत नाहीं. माणूसही कांहीं वेळ मोकळा लागतो.

हें दुसऱ्या बाजूनें दाखविणारा एक प्रयोग सांगली जिल्ह्यांत आटपाडीजवळ झालेला आहे. हा मुलूख पूर्वीं औंध संस्थानांत होता. औंधचे राजे भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांस शरीरसंवर्धनाची मोठी हौस. संस्थानच्या शाळांतून सूर्यनमस्कार सुरू करून त्यांनीं त्यावर पुस्तकही लिहिलें. त्यांच्या राज्यांत, पोलंडहून आलेल्या मॉरिस फ्रीडमन या इंजिनियराच्या प्रेरणेनें, १९३९ च्या सुमारास स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत निघाली. गंभीर गुन्ह्यांसाठीं शिक्षा झालेलीं माणसें तेथें भिंतीवांचून व बेड्यांवांचून, बायकामुलांसह शेती करून राहूं लागलीं. त्याच तालुक्यांतील माडगुळ्याचे ग. दि. माडगूळकर यांनीं या वसाहतीवरून सुचलेली कथा लिहिली, व तिच्यावर व्ही. शांताराम यांनीं काढलेला ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट १९५७ सालीं आला. तो पुष्कळांनीं पाहिला असेल. आटपाडीचें रान म्हणजे माणदेश. पाऊस वर्षास पांचशें मिलिमीटरच्या आंतबाहेर, ऊन सडकून, जमीन हलकी. तेथील निसर्ग पांचगणीसारखा मनोहर नाहीं. तरी त्या रानांत राबून माणसांत पालट झाला, कारण काम तेंच असलें तरी मागें पहारेकरी नव्हता, आणि संध्याकाळीं भाकरी खावयास घरचीं माणसें होतीं. आम्हांस वाटतें, निसर्गाच्या नांवावर जमा केला जाणारा पुष्कळसा गुण वस्तुतः या मोकळेपणाचा आहे.

आपल्या वाडवडिलांनीं हें शास्त्र म्हणून मांडलें नसेल, पण रीत म्हणून पाळलें. आषाढी वारींत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून लोणंदास सातारा जिल्ह्यांत येते, पुढें तरडगांवच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबापाशीं पहिलें उभें रिंगण होतें, मग फलटण व बरड करून ती पुढें जाते. पेरणी उरकून निघालेला शेतकरी या वाटेनें चालतो तेव्हां तो रानांतच असतो. परंतु त्या रानावर त्याचें कर्ज नसतें, त्यांतील तण त्याला काढावयाचें नसतें. स्वतःच्या शेतांत उभा राहिला कीं त्यास करपलेलें पीक दिसतें, सोसायटीचा हप्ता आठवतो, शेजाऱ्यानें फोडलेला बांध दिसतो. मनांत तेच तेच विचार घोळत राहणें हें मनोविकाराचें एक मूळ आहे. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठानें २०१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, गवताळ टेकड्यांतून दीड तास चालून आलेल्यांच्या मनांतील हें घोळणें कमी झालेलें आढळलें. रहदारीच्या रस्त्यानें तितकेंच चाललेल्यांचें झालें नाहीं. वारकऱ्यास ही गोष्ट सांगितली तर तो म्हणेल, यासाठीं एवढ्या लांब जाऊन प्रयोग करावयास कशाला हवा होता?

स्त्रियांच्या वांट्यास असा मोकळा वेळ त्याहूनही थोडा येत असे. नागपंचमीस झाडास झोका बांधून खेळणें, वटपौर्णिमेस गांवाबाहेरच्या वडापर्यंत जाणें, कार्तिकांत आंवळीखालीं जेवण, हे त्यांचे हक्काचे दिवस. आतां पुष्कळ गांवांत झोका बांधण्याजोगी फांदी उरली नाहीं. वडाकडे जाण्याऐवजीं बाजारांतून वडाची तोडलेली फांदी आणून घरींच पूजा उरकतात. पुण्य मिळत असेल तर मिळो. पण सखीबरोबर वडापर्यंत चालत जाणें, घटकाभर सांवलींत बसणें आणि घरच्या धबडग्यांतून तेवढा वेळ सुटणें, हें त्या फांदीबरोबर घरीं येत नाहीं.

मुलांविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे, कारण त्यांच्या बाबतींत पुरावा अधिक भक्कम आहे. लहानपणीं डोळ्यांवर बाहेरचा भरपूर उजेड पडला तर दूरचें न दिसण्याचा दोष कमी मुलांस जडतो. चीनमधील ग्वांगझौ येथें पहिलींतल्या मुलांस शाळेंतच रोज चाळीस मिनिटें जास्त बाहेर ठेविलें. तीन वर्षांनीं त्यांच्यांत हा दोष शेंकडा ३० मुलांस झाला, व इतर शाळांतील मुलांत शेंकडा जवळ जवळ ४० मुलांस झाला. हे आंकडे २०१५ सालीं प्रसिद्ध झाले. खेडेगांवांतलें मूल बाहेरच असतें ही समजूत आतां खरी राहिली नाहीं. शाळा, मग शिकवणी, मग मोबाइल, असा त्याचाही दिवस छताखालीं जातो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं कऱ्हाड तालुक्यांतील काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली, १९२४ सालीं ती साताऱ्यास आणिली, आणि वडाचें झाड हें तिचें बोधचिन्ह झालें. त्या वसतिगृहांतील मुलें श्रम करून शिकलीं, तीं बव्हंशीं उघड्यावर. त्यांच्या नातवंडांस चष्मे लागलेले पाहून आम्हांस वाईट वाटतें. शाळेच्या पटांगणांत दोन-चार मोठीं झाडें असलीं तर निदान कांहीं तास तरी बाहेर घेतां येतात. आणि तें ठरविणें ग्रामपंचायतीच्या हातीं आहे.

झाडांचा प्रश्न आला म्हणजे आपण खऱ्या अडचणीशीं येऊन पोंचतों. विसावा घ्यावयाचा तो कोठें? कृष्णेकांठच्या बागायतींत मैल मैल चालावें तरी उसाखेरीज कांहीं दिसत नाहीं. ताकारी, म्हैसाळ व टेंभू योजनांचें पाणी पूर्वेकडील तालुक्यांत पोंचलें, दुष्काळी मुलुखास जीवदान मिळालें, यांत संशय नाहीं. परंतु पाण्यामागून ट्रॅक्टर आला, ट्रॅक्टरास वळावयास जागा लागते म्हणून बांध अरुंद झाले, आणि बांधावरच्या आंब्या-बाभळींवर कुऱ्हाड पडली. दुपारची भाकरी खावयास गडी आतां ट्रॉलीच्या सांवलींत बसतो, नाहींतर पंपाच्या पत्र्याच्या खोलींत.

पत्र्याची सांवली व झाडाची सांवली यांत फरक आहे, आणि तो नुसता समजुतीचा नाहीं. ऊन लागलें कीं पत्रा तापतो व तीच उष्णता खालीं बसलेल्या माणसाच्या अंगावर टाकतो. झाडाचीं पानें मुळांनीं ओढलेलें पाणी वाफेच्या रूपानें सोडीत असतात, म्हणून तीं पत्र्यासारखीं तापत नाहींत. खालच्या हवेंत थोड्याच अंशांचा फरक असला, तरी अंगावर येणारा ताप पुष्कळ कमी होतो. उन्हांत राबतांना शरीराची उष्णता घामावाटे जाते. ऊन अंगावर असेपर्यंत ती जाते तितकी परत येत राहते. म्हणून मे महिन्यांत अर्धा तास दाट सांवलींत बसून पाणी पिणें हा आळस नाहीं. उष्माघात टाळण्याचा तोच उपाय आहे. हाच न्याय गोठ्यासही लागू. संकरित गाय उन्हानें धापा टाकूं लागली कीं चारा कमी खाते व दुधांत घट येते, हें दूध घालणाऱ्या प्रत्येकास संघाच्या पावतीवर दिसतें.

येथें कोणी म्हणेल कीं झाडाखालीं ऊस येत नाहीं. खरें आहे. मोठ्या आंब्यालगतच्या दोन-चार सऱ्या रोडावतात, आणि तो तोटा नाकारण्यांत अर्थ नाहीं. झाडें वाढलीं म्हणजे दुसरेही त्रास येतात. देवराष्ट्रें परिसरांतील सागरेश्वराचे उजाड डोंगर धों. म. मोहिते यांच्या पुढाकारानें लोकांनीं हिरवे केले, व १९८५ सालीं तेथें सुमारें अकरा चौरस किलोमीटरांचें अभयारण्य झालें. माणसांनीं लावून वाढविलेलें असें अभयारण्य म्हणून त्याची ख्याति आहे, व ती योग्यच आहे. पण तेथील हरणें व सांबरें भोंवतालच्या पिकांत उतरतात, आणि रात्र रात्र राखण करणाऱ्या शेतकऱ्यास जंगलाची शोभा फारशी गोड वाटत नाहीं. जंगल वाढविणाऱ्या सरकारनें कुंपणाचा व भरपाईचा भार उचललाच पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

बांधावरच्या दोन-चार झाडांनीं मात्र सांबर येत नाहीं. जागा निवडतांना एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. वर्षाचे बहुतेक महिने सूर्य आपल्याकडे दक्षिणेकडून फिरतो, म्हणून सांवली उत्तरेस अधिक पडते. उत्तरेकडील बांधावर झाड लाविलें तर आपलें पीक वांचतें, पण सांवली शेजाऱ्याच्या उसावर जाते आणि भाऊबंदकीस निमित्त मिळतें. जेथें उत्तरेस ओढा, पाणंद किंवा गाडीवाट असेल तेथें ही अडचण येत नाहीं. तशी सोय नसल्यास विहिरीजवळ किंवा गोठ्याच्या पश्चिमेस लावावें. दुपारनंतरचें कडक ऊन तेथें अडतें. पूर्वेच्या कमी पावसाच्या तालुक्यांत कडुनिंब, चिंच व बाभूळ. कृष्णा-वारणेच्या कांठीं आंबा, जांभूळ व करंज. घाईनें सांवली हवी असेल तर शेवगा किंवा हादगा मधल्या काळापुरता लावावा, पण त्यावर विसंबूं नये. शेजाऱ्याशीं आधीं बोलावें, व फळाचा वांटा ठरवून टाकावा. पुढें कोर्टकचेरी करण्यापेक्षां तें स्वस्त पडतें.

रोप पहिल्या पावसानंतर लावावें. आळें करून त्यांत पाचट पसरावें. पहिले दोन उन्हाळे तें जगविण्यास बुडाशीं बारीक भोंक पाडलेलें मडकें रोपाशेजारीं गळ्यापर्यंत पुरून भोंकांत चिंधी घालावी, व आठवड्यांतून दोनदां भरावें. शेळ्यांसाठीं भोंवतीं बाभळीच्या कांट्या रोवाव्या. झाड डोक्यावर गेलें म्हणजे खालच्या फांद्या छाटून बुंध्याभोंवतीं दगडांचा ओटा बांधावा. मुळांस हवा मिळावी म्हणून त्यास सिमेंटानें लिंपूं नये, आणि चार माणसांनीं बसून भाकरी सोडावी इतका तो रुंद असावा.